एका पगारात घर चालेल का? पुण्यातल्या वाकडच्या एका जोडप्याचा हिशेब

प्रश्न असा आला आहे: "आम्ही दोघं वाकडला राहतो. माझा हातात येणारा पगार ९२ हजार, पत्नीचा ५४ हजार. घराचा हप्ता ४१ हजार. मुलगी चौदा महिन्यांची आहे. आतापर्यंत आई तिला सांभाळत होती, पण आईचे गुडघे आता साथ देत नाहीत आणि पुढच्या महिन्यात ती साताऱ्याला परत जाते आहे. पत्नीनं नोकरी सोडून दोन-तीन वर्षं घरी राहावं असं दोघांच्याही मनात आहे. परवडेल का? आणि नंतर तिला परत नोकरी मिळेल का?" सोबत महिन्याचा खर्च आणि दोघांच्या पगाराच्या स्लिपा पाठवल्या आहेत, म्हणून मोघम बोलायची गरज नाही.

आधी उत्तर सांगते. महिना निघेल. पण आत्ता राजीनामा देऊ नका, नऊ महिने थांबा. आणि थांबून सोडायचंच ठरलं, तर घरी राहणाऱ्या माणसाच्या नावानं दरमहा पैसे बाजूला पडले पाहिजेत. ते जमत नसेल, तर माझ्या लेखी ते परवडत नाही, मग किराणा वेळेवर भरला जात असला तरी.

कुटुंबांचं आर्थिक नियोजन हाच माझा धंदा आहे आणि हा प्रश्न घेऊन येणारं जवळजवळ प्रत्येक जोडपं एकच वजाबाकी करून आलेलं असतं. तुम्हीही केली आहे. पत्नी कामाला जाते म्हणून होणारा खर्च तुम्ही असा लिहिलाय: पाळणाघर १२ हजार, खराडीपर्यंतची कॅब साडेसहा हजार, स्वयंपाकाच्या मावशी ५ हजार, दमून आल्यावर बाहेरून मागवणं साडेतीन हजार, कपडे आणि ऑफिसातली वर्गणी वगैरे २ हजार. एकूण २९ हजार. ५४ मधून २९ गेले, राहिले २५. त्याखाली तुमच्याच अक्षरात लिहिलंय, "२५ हजारांसाठी एवढी ओढाताण?"

या वजाबाकीत तीन गोष्टी चुकतात.

पहिली म्हणजे पाळणाघराचा खर्च फक्त आईच्या पगारातून का वजा झाला? मूल दोघांचं आहे. तुम्ही हिंजवडीला जाता तेव्हाही ते कोणीतरी सांभाळतंच. खर्च आईच्या खात्यात टाकला की तिचा पगार आपोआप किरकोळ दिसायला लागतो. मी हा खर्च नेहमी दोन्ही पगारांच्या बेरजेतून काढायला लावते. आकडे तेच राहतात, पण बोलण्याचा सूर बदलतो.

दुसरी म्हणजे हातात येणारा पगार हा पूर्ण पगार नव्हे. पत्नीच्या स्लिपवर मूळ वेतन ३० हजार आहे. त्यावर १२ टक्के तिचे आणि १२ टक्के कंपनीचे, असे महिन्याला ७,२०० रुपये भविष्य निर्वाह निधीकडे जातात. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, दर वर्षाला पंधरा दिवसांचं मूळ वेतन, तेही महिन्याचे सव्वीस दिवस धरून. म्हणजे वर्षाला १७,३०० च्या आसपास, महिन्याला साधारण १,४५०. हे दोन्ही मिळवले की तुमचे २५ हजार साडेतेहतीस हजारांच्या पुढे जातात. कंपनीचा मेडिक्लेम अजून यात धरलेला नाही, आणि तुमच्या आईवडिलांचा विमा पत्नीच्या कंपनीतूनच आहे हे तुम्ही प्रश्नात लिहिलं नसलं तरी स्लिपच्या कपातीत दिसतंय. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे-मागे होणार असेल तर ती कपात दोनदा वाचा.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडते. पाळणाघराचा खर्च तीन-चार वर्षांचा आणि पगार अजून पंचवीस वर्षांचा, पण वजाबाकी मात्र याच महिन्याची. ७,२०० पैकी १,२५० निवृत्तिवेतन योजनेत जातात. उरलेले ५,९५० फक्त पाच वर्षं भरले गेले आणि पुढची वीस वर्षं त्यांना हात लावला नाही, तर ८ टक्क्यांनी त्याचे वीस लाख होतात. पाच वर्षांची विश्रांती म्हणजे उतारवयातले हे वीस लाख गेले. त्यात चुकलेल्या पगारवाढी धरलेल्याच नाहीत.

आता दुसरी बाजू. तुमच्या एकट्याच्या ९२ हजारांत काय होतं? हप्ता ४१. किराणा-दूध-भाजी १४ हजार, मेंटेनन्स ३,८००, वीज-गॅस-मोबाइल-इंटरनेट ४,२००, पेट्रोल साडेचार, साताऱ्याला ५ हजार, मुलीचे डॉक्टर-लसी-डायपर साडेचार, विम्याचे हप्ते २ हजार. हप्ता सोडून हे झाले ३८ हजार. उरतात १३ हजार, त्यातली १० हजारांची तुमची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा टाकायची रक्कम. म्हणजे हातात ३ हजार. या यादीत दिवाळी नाही. गाडीचं सर्व्हिसिंग नाही, भाचीचं लग्न नाही, नर्सरीचा प्रवेश नाही. वाकड-बाणेर पट्ट्यात नर्सरीची फी काय असते ते तुमच्याच सोसायटीतल्या कोणालाही विचारा.

म्हणून म्हणते, महिना निघेल, वर्ष निघणार नाही.

आणि एक. नोकरी सुटली की स्वयंपाकाच्या मावशी बंद करायच्या असं तुम्ही गृहीत धरलंय. करू नका. पत्नी मुलीसाठी घरी राहते आहे, पोळ्यांसाठी नाही. चौदा महिन्यांचं मूल अंगावर असताना दोन वेळचा स्वयंपाक, धुणं आणि साताऱ्याहून येणारे-जाणारे हे सगळं एकीच्या गळ्यात पडलं, की सहा महिन्यांत ती माझ्यासमोर बसून म्हणते, "याच्यापेक्षा ऑफिस बरं होतं." मावशींचे ५ हजार खर्चात ठेवूनच गणित बसवा. बसत नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

नऊ महिने कशासाठी? पत्नीला या कंपनीत चार वर्षं तीन महिने झाले आहेत. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षं लागतात. बाळंतपणाची रजा त्यात धरली जाते, ती वजा होत नाही. पाच वर्षं भरली तर साधारण ८६,५०० रुपये मिळतील, आज सोडलं तर शून्य. एवढ्या काठावर येऊन राजीनामा देणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की आता पहिला प्रश्नच रुजू झाल्याच्या तारखेचा विचारते.

हे नऊ महिने नुसते ढकलायचे नाहीत. येत्या एक तारखेपासून पत्नीचा पगार नसल्यासारखं राहायचं. तिच्या ५४ मधून पाळणाघर, कॅब आणि नोकरीपायीचा बाकी खर्च जाऊ द्या, उरलेले २५ हजार वेगळ्या खात्यात टाका आणि त्याचं कार्ड घरी ठेवू नका. हप्ता आणि घर तुमच्या ९२ मध्येच. नऊ महिन्यांत सव्वादोन लाख जमतील. एकाच पगारावर चालणाऱ्या घराला मी निदान नऊ महिन्यांचा खर्च हप्त्यासकट बाजूला ठेवायला सांगते. तुमच्या बाबतीत तो सात लाखांच्या वर जातो, म्हणजे सव्वादोन लाख ही सुरुवातच. या काळात दिवाळी आणि शाळेच्या प्रवेशाचे महिने दोन्ही आले पाहिजेत. जुलै-ऑगस्टचे साधे महिने बघून "जमतंय की" म्हणणारे नोव्हेंबरात क्रेडिट कार्ड काढतात.

याच काळात पत्नीनं एचआरला काही गोष्टी लेखी विचाराव्यात. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर कंपनीनं पाळणाघराची सोय करणं २०१७ च्या कायदा-दुरुस्तीपासून बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभा आहे. बहुतेक ठिकाणी ही सोय एखाद्या पाळणाघराशी करार करून किंवा भत्ता देऊन केलेली असते. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. सव्वीस आठवड्यांची रजा संपल्यावर घरून काम करण्याबद्दलही त्याच दुरुस्तीत तरतूद आहे, मात्र ती दोघांच्या संमतीनं. बिनपगारी सहा महिने, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, खराडीऐवजी बाणेरचं ऑफिस, यातलं काहीही मिळालं तरी राजीनाम्यापेक्षा स्वस्त. राजीनामा द्यायच्या तयारीत असलेल्या चांगल्या कर्मचाऱ्याला कंपन्या जे देतात ते एरवी देत नाहीत, हे लक्षात ठेवून बोलावं.

हप्त्याचंही बघा. २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. तुमचं कर्ज बदलत्या दराचं आहे, पण दर उतरल्यावर बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. सव्वीस वर्षांच्या तरुण कर्जदारासाठी ते उत्तम, तुमच्यासाठी आत्ता नाही. बँकेत जाऊन हप्ता कमी करून मागा.  तुमच्या एवढ्या कर्जाला दर एक टक्क्यानं उतरला तर महिना तीन हजारांच्या आसपास सुटतात. आणि विसरू नका, कर्ज दोघांच्या पगारावर मंजूर झालंय. पत्नीचा पगार थांबला तरी सहकर्जदार म्हणून तिची सही तशीच राहते.

कराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, कारण तुम्हा दोघांनाही नव्या पद्धतीत कर लागतच नाही. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला लागू पडेल म्हणून सांगते. आपल्याकडे कर जोडप्यावर नाही, माणसावर आहे. २०२५-२६ च्या दरांनी नवरा-बायको दोघांना पावणेतेरा-पावणेतेरा लाख पगार असेल तर दोघांचा कर शून्य. तेच साडेपंचवीस लाख एकाच्या पगारात आले तर कर ३,३५,४०० रुपये. "मी जास्त काम करून तिचा पगार भरून काढतो" म्हणणाऱ्यांनी हा फरक आधी धरावा.

आता पैसे कोणाच्या नावावर, याबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी नोकरी सोडल्यावर घरखर्चाची डायरी ठेवायला सुरुवात केली होती. नवऱ्यानं कधी हिशेब मागितला नव्हता, माणूस भला. तरीही डायरीत प्रत्येक ओळ होती: कोथिंबीर १५, गजरा २०, रिक्षा ४६. भाऊबीजेच्या पानावर भावाला घेतलेल्या शर्टापुढे रक्कमच नव्हती, नुसती रेघ. विचारलं तेव्हा म्हणाल्या, तो शर्ट माझ्या जुन्या पगारातून घेतला, त्याचा हिशेब द्यायचा नव्हता. ही बाई पूर्वी एका कारखान्याचे महिन्याचे पगार काढायची.

त्यामुळे माझी अट अशी की जो पगार आणतो त्याच्या खात्यातून एक तारखेला घरी राहणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात ठरलेली रक्कम गेली पाहिजे, न मागता. घरखर्चाची वेगळी आणि तिची वेगळी. त्याशिवाय तिच्या नावानं पीपीएफ किंवा एनपीएस या बचतीच्या सरकारी योजनांमध्ये निदान तेवढे, जेवढे नोकरीत जमा झाले असते. तुमच्या बाबतीत ६ हजार. पीपीएफचं व्याज करमुक्त असल्यानं नवऱ्यानं दिलेल्या पैशांचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं ही भानगडही तिथे उरत नाही. मुदत ठेवीत मात्र ती येते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. नागरत्ना यांनी पोटगीच्या एका निकालात नेमकं हेच म्हटलं होतं की घर सांभाळणाऱ्या पत्नीला संयुक्त खातं आणि एटीएम कार्ड द्या. मी त्याच्याही पुढे जाऊन म्हणते, संयुक्त खातं असू द्याच, पण एक खातं तिच्या एकटीचं असू द्या.

विम्याच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. पत्नीचा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा) ती पगारदार असतानाच घ्या, कारण पगाराची स्लिप नसली की कंपन्या रक्कम कमी करतात. "ती कमावत नसेल तर विमा कशाला" असं म्हणणाऱ्यांसाठी जुनं उदाहरण आहे. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३ हजार रुपये धरलं होतं. आज तेवढ्यात पाळणाघराची आठवड्याची फीसुद्धा जेमतेम निघते. तुमचा स्वतःचा टर्म विमा निदान दीड कोटींचा हवा आणि तो १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घ्या. अर्ज भरतानाच तसं नमूद करावं लागतं, मागाहून होत नाही. मग ती रक्कम पत्नी-मुलीचीच, तुम्हाला कर्ज दिलेल्या कोणालाही तिला हात लावता येत नाही. कौटुंबिक मेडिक्लेमही राजीनाम्याच्या आधी. आईवडिलांना कंपनीच्या गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत नेता येतं का, तेही विचारा. जुन्या दुखण्यांचा खर्च मिळायला जी मुदत थांबावं लागतं ती तेवढी वाचते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्यावर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा.

आजींबद्दल दोन शब्द. पुण्या-ठाण्यातली दोन पगारांची घरं खरं तर तीन माणसांच्या कष्टांवर चालतात, तिसरीचं नाव कुठल्याच स्लिपवर नसतं. सहा महिने ही आजी, सहा महिने ती, आणि गावाकडे आजोबा एकटे डबा लावून. तुमच्या आईनं चौदा महिने काढले. महिन्याचे १२ हजार धरले तरी ते पावणेदोन लाखांच्या घरात जातात. आता परत जाताना तिच्या गुडघ्यांच्या उपचाराचा खर्च "मदत" म्हणून नाही, देणं म्हणून खर्चात लिहा.

तुम्हा दोघांपैकी घरी राहायचं कोणी, हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही. पगार कमी तिचा म्हणून ती, इतकं सरळ दिसतं. पण दोघांनी एकाच वर्षी नोकरी सुरू केली होती असं तुम्ही लिहिलंय. बाळंतपणाच्या वर्षी तिची पगारवाढ हुकली का, ते तुम्हीच बघा. तुमच्या घरात आकडे तिच्या घरी राहण्याच्या बाजूनं आहेत हे खरं. प्रत्येक घरात नसतात. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा सरकारी बँकेत आणि नवरा खासगी नोकरीत धक्के खातोय, अशा घरी मी सरळ नवऱ्याच्या घरी राहण्याचा हिशेब मांडते. एकदोघांनी तो अमलातही आणलाय. सोसायटीत चार दिवस कुजबुज होते, मग बाकीचे बाबा त्याच्याकडेच मुलं सोडून जायला लागतात. सरकारी नोकरीत असाल तर राजीनाम्याचा विचारही करू नका. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी संपूर्ण सेवेत ७३० दिवस रजा आहे, राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवस.

आणि ज्या मावशी तुमच्या घरी पोळ्या करतात त्यांना हा प्रश्न पडायची सोयच नाही. चार घरची कामं धरली तरच भाडं निघतं. मूल शेजारणीकडे, तीन वर्षांचं झालं की अंगणवाडीत. त्यांच्या घराचा हिशेब वेगळा आहे, तो इथे उरकून टाकण्यासारखा नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, परत नोकरी मिळेल का. दीड-दोन वर्षांच्या खंडानंतर, तेही पत्नीच्या पेरोल-अकाउंट्ससारख्या कामात, मिळते. पगार बहुधा सोडला त्याच आकड्याच्या आसपास, कधी थोडा खाली. पाच वर्षं गेली की नव्यानं उमेदवारी करावी लागते, कारण सॉफ्टवेअर बदललेलं असतं आणि ओळखीची माणसं पांगलेली असतात. म्हणून "मुलगी शाळेत जायला लागली की बघू" असं ठेवू नका. परतायचा महिना आत्ताच ठरवा आणि मधल्या काळात महिन्याला एखाद्या छोट्या दुकानदाराचं जीएसटीचं विवरणपत्र भरायचं काम तरी हातात ठेवा. चार-पाच हजार मिळतील, पण बायोडेटात मोकळी जागा राहणार नाही. पीएफ काढू नका. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच राहतो आणि जुनी सेवा पुढच्या सेवेत जोडली जाते. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षं लागतात, तिची पाच वर्षं त्यात वाया जाता कामा नयेत. नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, पण तिला दुसरं उत्पन्न नसेल तर तो शून्यच येईल. मोडायचीच वेळ आली तर आधी ते वेगळं ठेवलेलं खातं मोडा, मग तुमची एसआयपी थांबवा. तिच्या पीएफला सगळ्यात शेवटी हात लावा.